फळ्यावरची शिरोरेषा

१

सभागृहाचं दार भल्या पहाटे झाडूवालीनं उघडलं आणि ती तशीच मागे सरकून जिन्याच्या कठड्यावर आपटली. आत फरशीवर रक्त वाळून काळं पडलं होतं आणि त्यात गृहनिर्माण संस्थेचा व्यवस्थापक पालथा पडला होता. सगळे त्याला लंबू म्हणत. दारातून वाकल्याशिवाय आत येता येत नसे असा उंच गडी. त्याचा उजवा गुडघा भलत्याच बाजूला वळला होता, आणि डोक्याच्या मागच्या भागाकडे हवालदारालाही दुसऱ्यांदा बघवलं नाही.

"किती घाव?" बाईसाहेबांनी विचारलं. ठाण्यात तपासाच्या प्रमुख त्याच. दाढेच्या दुखण्यानं त्यांचा डावा गाल सुजला होता आणि त्या तुटक बोलत होत्या.

"डोक्यावर पाच-सहा असतील. मोजायला काही शिल्लक ठेवलं नाही त्यानं."

"त्यानं म्हणजे कुणी?"

हवालदाराकडे उत्तर तयार होतं. संस्थेची जुनी इमारत रस्त्याच्या या अंगाला आणि अर्धवट बांधलेली नवी त्या अंगाला. संस्था नफा घेत नाही. घर बांधायला आणि राखायला जो खर्च येतो तेवढंच भाडं. आदल्या संध्याकाळी लंबूनं नव्या इमारतीची वाट बघणाऱ्या कुटुंबांना बोलावून सांगितलं, की सळई महागली, सिमेंट महागलं, व्याज चढलं, तेव्हा भाडं कबूल केल्यापेक्षा एक तृतीयांशानं जास्त पडेल. ते ऐकताच एक वेल्डर टेबलावरून उडी मारून त्याच्या नरड्यावर गेला. चार जणांनी ओढून काढला तर जाता जाता त्यानं खिडकीची काच मुठीनं फोडली आणि भरल्या सभेत ओरडला, "तुला याच फळ्याखाली गाडीन."

"आणि हा फळ्याखालीच पडलाय," हवालदार म्हणाला. "वेल्डरला पहाटेच उचललाय, मोठ्या साहेबांच्या हुकमानं."

बाईसाहेब फळ्याकडे बघत होत्या. पांढरा फळा ओल्या डस्टरनं पुसलेला होता, आणि पुसल्याच्या फराट्यांना फिकट गुलाबी रंग होता. म्हणजे आधी रक्त उडालं आणि मग कुणीतरी फळा पुसला.

सभेतल्या एका बाईनं मोबाइलवर फळ्याचा फोटो काढला होता. फोटोत हप्ता, दुरुस्ती, विमा असे आकडे काळ्या शाईत होते. बाईसाहेब गुडघ्यावर बसल्या आणि लंबूचा उजवा हात उलटा केला.

त्याच्या बोटांना ओली असताना पुसली गेलेली हिरवी शाई लागली होती.

२

वेल्डरला भेटायला बाईसाहेब कोठडीत गेल्या तेव्हा तो भिंतीला टेकून अर्ध्याच श्वासानं बोलत होता. पहाटेच्या पथकानं त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला होता. ओठ फाटला होता आणि कुशीवर बुटाचा ठसा उमटला होता.

"हे कुणी केलं?" त्यांनी कोठडीवरच्या शिपायाला विचारलं. शिपाई वर पंख्याकडे बघायला लागला. "डॉक्टर बोलव. आणि संध्याकाळपर्यंत त्यांची नावं माझ्या टेबलावर पाहिजेत. नाहीतर तुझं नाव घालीन."

वेल्डर हसायला गेला आणि बरगडी धरून वाकला. "गळा मी धरला, बाई. ते नाकारत नाही. पाच वर्षं वाट बघतोय. एका खोलीत पाच माणसं. बायकोला सांगितलं होतं, या वर्षी स्वतःचा नळ असेल."

"मग पुन्हा आत गेलास?"

"कशाला जाऊ? बाहेर काढलं तर हा लंबू मागून आला. हातातून रक्त गळत होतं, त्यानं रुमाल बांधला. नरड्यावर माझी बोटं उमटलेली, आणि मलाच म्हणतो, पाणी पी. म्हणाला, दोन दिवस दे, काहीतरी काढतो." त्यानं डोळे मिटले. "मला लाज वाटली हो. लाज वाटल्यावर माणूस घरी जातो, खून करायला जात नाही."

बाईसाहेबांनी त्याच्या हाताकडे बघितलं. फाटलेल्या मुठीवर खरंच एक रुमाल बांधलेला होता, आणि रुमालाच्या कोपऱ्यावर संस्थेचा शिक्का होता.

इतक्यात हवालदार धापा टाकत आला. "बाईसाहेब, नव्या इमारतीवर चला. लोक कंत्राटदाराला मारतायत. भाडं त्याच्यामुळंच वाढलं, लंबू त्याच्यामुळंच गेला म्हणतात. जिवंत सोडतील असं दिसत नाही."

३

कंत्राटदाराची गाडी पेटली होती आणि काळा धूर बिनभिंतींच्या मजल्यांतून वर चढत होता. शे-दीडशे माणसं होती. काल याच माणसांनी सभेत खुर्च्या मांडल्या होत्या; आज त्यांच्या हातात सळईचे तुकडे होते. कंत्राटदार वाळूच्या ढिगावर गुडघ्यांवर बसला होता आणि एक हात दोरीसारखा लोंबत होता.

बाईसाहेब सरळ आत घुसल्या. एक वीट येऊन त्यांच्या खांद्यावर फुटली. त्यांनी हवेत गोळी झाडली, आणि सगळीकडे शांत झालं तेव्हा ठणकत्या दाढेनिशी एवढंच म्हणाल्या, "याला मारलंत तर इमारत कोण पुरी करणार? मी?"

कुणीतरी हातातली सळई टाकली. मग दुसरी पडली, तिसरी पडली.

बांधकामावरच्या पत्र्याच्या ऑफिसात टेबलाखाली कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेच्या मॅडम लपल्या होत्या. बुटक्या, चष्म्याची एक काच तडकलेली. कंत्राटदाराला खुर्चीत बसवला तसा त्याही बाहेर आल्या.

"कालचं सांगा," बाईसाहेब म्हणाल्या.

"सभेनंतर आम्ही दोघं माझ्या गाडीत भांडत होतो," मॅडम म्हणाल्या. "यांचं म्हणणं, जुन्या दरात सळई मिळत नाही. माझं म्हणणं, वाढीव कर्ज द्यायचं तर भाडं वाढलं पाहिजे. भांडत भांडत आमच्या ऑफिसात गेलो. तिथं आमचे चार सहकारी होते, ते सगळे कंटाळेपर्यंत भांडलो."

"भाडं वाढवायचं नसेल तर?"

"कुणीतरी भरायचंच ना. इथं नफाच नाही, मग कमी कशातून करणार? खर्च वाढला की तो कुणाच्या तरी भाड्यात जाऊन बसतो."

कंत्राटदार कण्हत म्हणाला, "तो फोन सांगा ना त्यांना."

मॅडमनी चष्मा काढला. "लंबूचा फोन आला होता, आम्ही ऑफिसात असताना. फार खुशीत होता. म्हणाला, मॅडम, सापडलं. नव्या लोकांचं भाडं वाढवायला नको. उद्या सगळं सांगतो. मी म्हटलं, आत्ताच सांग. तर म्हणाला, नाही, आधी एका माणसाला सांगायला हवं, त्याचा मान आहे. तो समोरच आलाय."

"कोण, ते बोलला?"

"नाही. फोन ठेवलाच त्यानं."

४

जुन्या इमारतीच्या भाडेकरूंचे पुढारी म्हणजे मिस्त्रीकाका. मोठमोठ्या इमारतींच्या छतांना गिलावा करण्यात त्यांचा जन्म गेला होता. तळमजल्यावर दोन खोल्या, दारात चपला ओळीनं लावलेल्या. काकू खुर्चीत बसून होत्या. त्यांचे गुडघे केव्हाच संपले होते.

"या, बसा," काका म्हणाले. "आत्ताच पाळीवरून आलोय. गोदामावर रखवालदारी करतो ना. तोंड तरी धुऊ द्या."

त्यांनी तोंड धुतलं, आरशापुढे उभे राहिले आणि केस विंचरले. विंचरताना कंगवा डोक्याकडे न नेता त्यांनी डोकंच कंगव्यापर्यंत खाली आणलं. बाईसाहेबांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या एकेक सवयी.

"पोरगा चांगला होता हो," काका टॉवेल खांद्यावर न टाकता मुठीत धरून बसले. "आमचा पंप बंद पडला तरी स्वतः बघायला यायचा. पंपाची देखभाल माझ्याकडेच आहे. वेल्डरनंच मारला ना?"

"या वयात रखवालदारी कशाला करता?"

उत्तर काकूंनी दिलं. "भाड्यापायी. आता थोडेच महिने राहिले. या इमारतीचं कर्ज फिटत आलंय. फिटलं की हप्ता गेला, फक्त दुरुस्तीपुरतं भाडं उरणार. निम्म्यावर येईल. मग हे घरी बसणार आणि मला उन्हात घेऊन जाणार."

"काल सभा सुटल्यावर काका कुठे होते?"

"घरीच," काकू म्हणाल्या. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाल्या.

बाहेर पडताना बाईसाहेबांना हवालदारानं डॉक्टरांचा निरोप सांगितला. पहिला घाव डोक्यावर नव्हता. आधी मागून गुडघा फोडला होता. माणूस खाली कोसळल्यावर मग डोक्यावर घाव घातले होते. आणि गुडघ्याच्या कातडीवर दातांसारख्या बारीक ओळी उठल्या होत्या.

"चावला की काय कुणी?" हवालदार म्हणाला.

बाईसाहेब चालता चालता थांबल्या. "परत फळ्याकडे चल. आणि त्या मॅडमना बोलावून घे."

५

सभागृहातला फळा बराच खाली लावलेला होता, कारण दिवसा तिथं लहान मुलांची शिकवणी चाले. सगळ्यात वरची ओळसुद्धा बाईसाहेबांच्या कपाळाशी यायची. तिथं, वरच्या कडेला, पुसण्यातून सुटलेली एक हिरवी रेघ होती. तुटक, तीन तुकड्यांची. सकाळी ती त्यांना फळ्याच्या चौकटीचाच भाग वाटली होती.

"ही शिरोरेषा आहे," त्या म्हणाल्या. "अक्षरं पुसली गेली, त्यांच्या डोक्यावरची रेघ राहिली. आणि रेघेच्या वर जे जे असतं तेही राहिलंय. बघ. पहिल्या तुकड्यावर एक मात्रा, मग एक वेलांटी. दुसरा तुकडा लांब, त्याच्या अगदी शेवटी वेलांटी. तिसऱ्याच्या अगदी सुरुवातीला वेलांटी."

"दुसरा शब्द 'इमारत' असेल," हवालदार म्हणाला. "इथं दुसरं काय लिहिणार?"

"इमारत लिहिलं तर शेवटी वेलांटी कुठून आली?"

हवालदारानं हवेत बोटानं लिहून बघितलं. "इमारती. अनेक."

"आणि अनेक म्हणजे किती, ते पहिल्या शब्दात. मात्रेनं सुरू होणारा आणि वेलांटीनं संपणारा. दोन्ही." त्यांनी खिशातून पेन काढून तळहातावर लिहिलं आणि मॅडमपुढे धरलं: दोन्ही इमारती मिळून.

मॅडम खाली बसल्या. "अरे देवा. हे तर सरळ होतं. जुन्या इमारतीचं कर्ज फिटलं तरी तिचं भाडं उतरवायचं नाही, तसंच ठेवायचं. उरेल ते नव्या इमारतीकडे वळवायचं. आणि दोन्ही इमारती तारण ठेवल्या तर आम्ही कमी व्याजानं, लांब मुदतीचं कर्ज देऊ शकतो. नव्यांचं भाडं वाढलंच नसतं."

"आणि जुन्यांचं उतरलं नसतं."

"नाही. उतरलं नसतं."

"उठा. फळ्याच्या वरच्या कडेला हात लावा."

मॅडम बुटक्या होत्या, तरी टाचा न उचलता त्यांचा हात रेघेपर्यंत पोचला.

"घाईत राहिलं असेल," हवालदार म्हणाला.

"घाईत एखाद्या कोपऱ्यात राहतं. इथं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच उंचीवर राहिलंय. वर वर जाताना फराटे आखूड झालेत, झटके दिल्यासारखे. पुसणाऱ्यानं जीव काढून हात वर नेला आणि तो तिथंच अडकला. अक्षरं गेली, वर नुसती रेघ उरली. त्याला वाटलं, पुरे झालं." बाईसाहेबांनी सुजलेला गाल दाबून धरला. "रागावलेला वेल्डर फळा कशाला पुसेल? फळ्यावरचा भाडेवाढीचा आकडा साऱ्या सभेनं बघितला होता. मारणाऱ्याला वेगळंच काही लपवायचं होतं, जे सभेनंतर लिहिलं गेलं. लंबूनं ते त्याच्याकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून निवांत समजावलं. इतका विश्वास. आणि एवढ्या उंच माणसाच्या डोक्यावर घाव घालायचा तर हात वर न्यावा लागतो. ज्याचा जात नाही तो आधी गुडघा फोडून माणसालाच खाली आणतो."

"छताचा गिलावा," हवालदार हळूच म्हणाला. "जन्मभर दोन्ही हात वर. खांदे झिजलेत त्यांचे."

"आणि ते दात पाइप आवळायच्या पान्याचे आहेत. पंपाची खोली कुठे आहे?"

६

पंपाची खोली जुन्या इमारतीच्या मागं, चार पायऱ्या खाली होती. दुपारचं ऊन पायऱ्यांवरच थांबत होतं. हवालदाराला दुसऱ्या दाराकडे पाठवून बाईसाहेब उतरल्या. पंप घरघरत होता. हौदाचं झाकण उघडं होतं आणि मिस्त्रीकाका पालथे पडून दोरीला बांधलेला आकडा पाण्यात फिरवत होते. आकडा वर आला तेव्हा त्याला एक हातभर लांबीचा पाना अडकलेला होता.

"काका, तो खाली ठेवा."

ते उठले आणि काही न बोलता पान्याचा फटका जमिनीलगत फिरवला. तो बाईसाहेबांच्या नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. त्या कोसळल्या आणि पिस्तूल घरंगळत पंपाखाली गेलं. दुसरा फटका बाजूनं आला, बरगडीत. तोंडात रक्ताची चव आली. तिसरा डोक्यावर आला असता, पण कोपऱ्यात त्यांनी भिंतीला पाठ टेकवून शरीर वर ओढून घेतलं होतं, आणि काकांना पाना उचलावा लागला. तो छातीपर्यंत आला. तिथंच थरथरला. काकांचा चेहरा वेदनेनं वाकडा झाला, तरी ते उचलतच राहिले.

बाईसाहेबांनी चांगल्या पायानं त्यांच्या पोटात लाथ घातली. ते हौदाच्या काठावर खांद्यावर आपटले, खांदा निखळला, आणि त्या ओरडण्यानं पंपाचाही आवाज झाकला गेला. हवालदार दार तोडून आत आला तेव्हा दोघंही शेजारी शेजारी ओल्या जमिनीवर पडून धापा टाकत होते.

"तो हसत होता," काका छताकडे बघत म्हणाले. "मी पंप उघडून बसलो होतो. त्यानं बोलावलं म्हणून पाना हातातच राहिला, तसाच गेलो. हिरव्या शाईनं लिहीत होता आणि हसत होता. म्हणाला, काका, पहिल्यांदा तुम्हालाच सांगतो. तुमचं भाडं वाढणार नाही, फक्त कमी होणार नाही. फक्त. तीस वर्षं मी तो हप्ता भरला, बाई. रोज संध्याकाळी हिला सांगायचो, आता इतके महिने, आता इतके. आणि हा म्हणतो फक्त."

"वेल्डरला फासावर जाऊ दिलं असतंत?"

काकांनी डोळे मिटले.

७

वेल्डर सुटला. त्याला मारणाऱ्या तिघा पोलिसांवर बाईसाहेबांनी प्लास्टरमधला पाय टेबलावर ठेवून अहवाल लिहिला. त्यानंतर कित्येक आठवडे ठाण्यात त्यांच्याशी कुणी नीट बोलत नव्हतं. दाढ मात्र त्यांनी त्याच आठवड्यात काढून घेतली.

लंबूची योजना जुन्या इमारतीच्या सभेपुढे मताला आली. बाईसाहेब कुबडीवर मागे उभ्या होत्या. फळा धुऊन स्वच्छ केला होता, तरी त्याच्या जवळच्या खुर्च्यांवर कुणी बसलं नव्हतं. मॅडमनी योजना समजावली.

पहिल्यांदा काकू बोलल्या. "माझं भाडं किती राहील?"

"आहे तेवढंच," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला सूट द्यावी असं मलाही वाटतं. पण सूट दिली तर ती इतर कुणाच्या तरी भाड्यात जाईल."

"माहीत आहे मला. तीस वर्षं राहतेय मी इथं." काकूंनी सभेकडे तोंड केलं. "माझ्या नवऱ्यानं जे केलं त्याला माफी नाही. ते घरीच होते असं मी खोटं सांगितलं, त्यालाही नाही. पण मी विरोधात मत देणार. मला परवडत नाही."

मतं पडली. योजना थोडक्या मतांनी, पण मंजूर झाली.

नवी इमारत पुढच्या वर्षी उभी राहिली. काकूंना दोन खोल्यांचं भाडं एकटीच्यानं झेपेना, तेव्हा त्यांनी अर्ज करून नव्या इमारतीतली तळमजल्यावरची एकच खोली मागून घेतली. त्यांच्या दोन खोल्या यादीतल्या सगळ्यात मोठ्या कुटुंबाला मिळाल्या, आणि ते कुटुंब वेल्डरचं निघालं.

सामान हलवायच्या दिवशी बाईसाहेब सहज म्हणून तिकडून गेल्या. वेल्डर काकूंचं लोखंडी कपाट एकटाच पाठीवर घेऊन दारातून निघत होता. त्याची एक बरगडी नीट जुळली नव्हती, त्यामुळे तो एका अंगावर झुकला होता. काकू खुर्चीत बसून बघत होत्या. वर्षभरात दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

"कोपरा सांभाळ," काकू म्हणाल्या. "दाराचा रंग जाईल."

वेल्डर कपाटाखालून म्हणाला, "जाऊ दे, काकू. आता दार माझंय."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग पदरानं नाक पुसलं आणि हात पुढे करून दाराचं दुसरं कवाड त्याच्यासाठी उघडून धरलं.